पहिला एअरब्रश कोणता घ्यावा?

बडनेऱ्याजवळच्या मुर्तिजापूरची नॅरोगेज 'शकुंतला' १९९४ पर्यंत वाफेवर धावली. तिचा डबा १:८७ प्रमाणात रंगवताना मी आधी गणित मांडलं. मॉडेलवर ०.१ मिमी रंग म्हणजे खऱ्या डब्यावर ८.७ मिमीचा थर! रिव्हेट बुजणारच. म्हणून पातळ थर देणारा एअरब्रश हवा.

नवशिक्याने डबल-अ‍ॅक्शन, वर कप असलेला, ०.३ मिमी नोझलचा घ्यावा. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. ०.२ चं नोझल लवकर चोंदतं. उरलेले पैसे रेग्युलेटर अन् मॉइश्चर ट्रॅपवाल्या कॉम्प्रेसरवर घाला. पावसाळ्यात हवेतलं पाणी रंगाबरोबर उडतं. दाब १५-२० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ. तोंडाला मास्क लावा, अन् काम संपताच ब्रश धुवा. बघा करून!