कांगारू बेटावरील एक चिमुकला पतंग

पावसाळ्याच्या आरंभीं दिव्याभोंवतीं जे बारीकसारीक पतंग घिरट्या घालतात, त्यांजकडे आपण क्वचितच लक्ष देतों. लोकरीच्या कपड्यांस भोंकें पाडणारी कसर ही देखील अशाच एका लहान पतंगाची अळी होय. पण तिची आठवण आपणांस शालजोडी वाळवितांनाच होते. जगांत पतंग व फुलपाखरें मिळून सुमारें १ लाख ६० हजार जातींस शास्त्रज्ञांनीं नांवें दिलीं आहेत. त्यांत पतंगच फार, आणि लहान पतंगांपैकीं पुष्कळ अद्याप अनामिक आहेत. अशांपैकीं एकास २०१५ सालीं नांव मिळालें. त्याची हकीकत विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखी आहे.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यासमोर कांगारू बेट म्हणून एक मोठें बेट आहे. तेथें कॅलिट्रिस नांवाचें, आपल्या सरूच्या कुळांतील एक झाड उगवतें. त्याच्या आश्रयानें राहणारा एक पतंग रिचर्ड ग्लात्झ या कीटकशास्त्रज्ञास आढळला. तो बोटाच्या नखाएवढा असून त्याच्या पंखांवर सोनेरी व जांभळी झांक आहे. अळी झाडाच्या डहाळीच्या आंत पोखरून राहते. पंख फुटल्यावर मात्र त्याचें आयुष्य अवघें एक दिवसाचें! तेवढ्यांत जोडीदार शोधावयाचा, अंडीं घालावयाचीं आणि मरावयाचें. खाण्यास त्यास सवड नाहीं, आणि तोंडाचे अवयवही इतके खुरटलेले आहेत कीं, त्यांनीं खातां येणेंच शक्य नाहीं.

आतां, नवा प्राणी सांपडला कीं त्यास नांव देऊन मोकळें व्हावें, इतकें हें काम सोपें नसतें. प्रथम तो पूर्वी कोणी वर्णिलेला नाहीं, हें संग्रहालयांतील पेट्या व जुने ग्रंथ धुंडाळून ठरवावें लागतें. मग सूक्ष्मदर्शकाखालीं पंखांवरील शिरा, खवले, पाय, आणि विशेषतः उदराच्या टोंकाचे बारीक अवयव तपासतात. कारण रंगरूपानें जुळ्यांसारखे दिसणारे पतंग या अवयवांत पुष्कळदां वेगळे निघतात. हल्लीं शरीरांतील वंशद्रव्याचीही तुलना करितात. शेवटीं वर्णन छापतात, आणि एक नमुना त्या नांवाचा आधार म्हणून संग्रहालयांत कायमचा जपून ठेवतात. उद्यां कोणास शंका आल्यास त्यानें त्या टांचणीवरील पतंगाशीं आपला पतंग ताडून पाहावा.

या पतंगाच्या बाबतींत हें काम निरनिराळ्या देशांतील विद्वानांनीं मिळून केलें. त्यांत डेन्मार्कचे नील्स पेडर क्रिस्टेन्सन व ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधनसंस्थेंतील टेड एडवर्ड्स हे होते. तपासणीअंतीं असें ठरलें कीं, हा पतंग ज्ञात असलेल्या कोणत्याही कुलांत बसत नाहीं. त्याच्यासाठीं नवें कुलच स्थापावें लागलें. आदिम पतंगांचें नवें कुल १९७० नंतरच्या दशकापासून जगांत कोठेंही सांपडलें नव्हतें.

त्याहून मोठें नवल पुढेंच आहे. अगदीं प्राचीन पतंगांस सोंड नसते. ते जबड्यांनीं फुलांतील पराग चावून खातात. मध शोषणारी सोंड मागाहून आली, आणि एकदां आल्यावर सरळ रेषेनें सुधारत गेली, अशी समजूत होती. हा पतंग शरीररचनेनें फार साधा. परंतु वंशद्रव्य त्याचें नातें सोंड असलेल्या एका कुलाशीं दाखवितें. म्हणजे सोंड मिळाली, गेली, कदाचित् पुन्हां मिळाली, असा वांकडातिकडा इतिहास असला पाहिजे. एका दिवसाच्या पाहुण्यानें पंडितांस पाठ पुन्हां वाचावयास लावला!

नांव ठेवलें 'एनिग्मॅटिनिआ ग्लात्झेला'. पहिल्या शब्दांत 'कोडें' या अर्थाचा ग्रीक शब्द व पतंगाचें लॅटिन नांव यांची जोड आहे; दुसऱ्यांत ज्यास तो सांपडला त्याचें स्मरण आहे. बारीक पतंगांच्या नांवांस शेवटीं 'एला' लावण्याचा प्रघात लिनिअसच्या १७५८ च्या ग्रंथापासून चालत आला आहे. (लॅटिन भाषा मेली असें म्हणणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत घ्यावें.) क्रिस्टेन्सन यांनीं आपलें आयुष्य आदिम पतंगांच्या अभ्यासांत वेंचलें होतें. २०१४ च्या डिसेंबरांत ते वारले, आणि हा निबंध २०१५ च्या जानेवारीच्या अंकांत आला.

पुढें २०१९ च्या अखेरीस व २०२० च्या आरंभीं त्या बेटावर भयंकर वणवे पेटले. सुमारें २ लाख ११ हजार हेक्टर भूमि, म्हणजे जवळजवळ अर्धें बेट, जळून गेलें. हानि मुख्यतः पश्चिम भागांत झाली. अशा वेळीं कोणते जीव धोक्यांत आहेत याची यादी करतात. ज्यास नांव नाहीं तो जीव अशा यादींत येणार तरी कसा? कॅलिट्रिस हें झाड आगीपुढें दुबळें आहे. मोठ्या वणव्यांत तें होरपळलें म्हणजे बहुधा बुंध्यापासून पुन्हां फुटत नाहीं. बीं रुजून नवें झाड वाढावें लागतें, आणि त्यास वर्षेंच्या वर्षें लागतात. या पतंगाच्या अळीस तर त्याच झाडाची डहाळी हवी.