अंड्याचे द्वार
मृगाच्या सरींनी मावळातील भातखाचरे व लोणावळ्याची डबकी भरली की आम्हांस त्यांत बेडकांच्या अंड्यांचे पारदर्शक पुंजके दिसतात. मादी पाण्यात अंडी सोडते, नर त्यांवर शुक्रजंतू सोडतो. परंतु अंड्याभोवती आवरण असते. मग शुक्रजंतू आत शिरतो कसा? केवळ शेपटीच्या बळाने नव्हे! आवरण विरघळविणारे द्रव्य तो आपल्या अग्रभागी घेऊनच येतो. कित्येक समुद्री प्राण्यांतही हीच रीत आहे. १९३९ साली कॅलिफोर्नियात ॲल्बर्ट टायलर यांनी एका शंखधारी समुद्री गोगलगायीच्या शुक्रजंतूंपासून असे द्रव्य काढले. त्याच्या स्पर्शाने अंड्यांचे आवरण विरघळले. बेडकाच्या अंड्यात एक शुक्रजंतू शिरताच मात्र द्वार मिटते व इतरांस मज्जाव होतो. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, खाचरातील पुंजका तुडवू नये. त्यात जीव घडत असतो.