अलॉय व्हीलचं पावडर कोटिंग: ऑर्डर घेण्याआधी हे वाचा

गेट-ग्रिलचं कोटिंग जमलं की नांदेड-लातूरला गिऱ्हाईक अलॉय व्हीलही घेऊन येतं. पण ग्रिल लोखंडाची, व्हील ॲल्युमिनियमचं! ओतीव व्हीलला कारखान्यात शेवटी साधारण १५५ अंशांवर काही तास ठेवून ताकद आणतात. आपली नेहमीची पावडर १८०-२०० अंशांना क्युअर होते. वेळ वाढला किंवा तेच व्हील पुन्हा पुन्हा भट्टीत गेलं, तर धातू मऊ पडतो. वरून काहीच दिसत नाही, हीच खरी भीती.

जुना रंग भट्टीत जाळून काढायचा नाहीच, केमिकलने काढा. नटाची बैठक आणि हबला टेकणारी बाजू मास्किंग करा, तिथला थर दबला की नट सैल होतात. तडकलेलं व्हील मी परत पाठवतो, गिऱ्हाईक रुसलं तरी. कमी तापमानाची पावडर महाग पडते. तो फरक कोटेशनमध्येच लिहा.