कातडी बैठकीची दुरुस्ती : हस्तव्यवसायाचा एक पाठ

बहुतेक शाळांत एक तरी खुर्ची अशी असते की जिचा सांगाडा भक्कम असतो, परंतु बैठक फाटून आतील भरण बाहेर आलेले असते. अशी खुर्ची अडगळीत जाते आणि कालांतराने जळणात जमा होते. वस्तुतः तिला हवी असते ती केवळ नवी बैठक. इयत्ता सहावी-सातवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन हे काम चार तासिकांत सहज करता येते. ज्या खुर्चीची बैठक खालून चार स्क्रू काढताच सुटी होते, तीच पहिल्या पाठासाठी निवडावी. हातांना प्रथम सोप्या कामाची सवय व्हावी, हे उत्तम.

साहित्य : बैठकीसाठी सुमारे 1 मिलिमीटर जाडीचे मऊ कमावलेले कातडे, मांजरपाटाचा तुकडा, फोम, कापसाचा पातळ थर, बारीक खिळे (चुका), हातोडी, जंबूर, रापी, आरी, पॉलिश कागद, मोजपट्टी, खडू व जुने वर्तमानपत्र. चपलेच्या तळाचे ताठ कातडे या कामी उपयोगी पडत नाही; ते कोपऱ्यावर वळत नाही.

पूर्वतयारी : प्रथम बैठक सुटी करावी. जुने खिळे जंबुराने एकेक उपटून डब्यात टाकावेत व शेवटी मोजावेत. अनवाणी मुलांच्या वर्गात जमिनीवर राहिलेला एक खिळाही महागात पडतो. जुने भरण काढताना धूळ उडते. म्हणून हे काम अंगणात, नाकातोंडाला रुमाल बांधून करावे. जुने आवरण फाटके असले तरी टाकून देऊ नये. नव्या आवरणाचा नमुना म्हणून त्याचा उपयोग होतो, आणि घड्या कोठे व कशा घातल्या होत्या हे त्यावरूनच कळते. फळीला चीर गेली असल्यास ती बदलावी. कडा पॉलिश कागदाने घासून बोथट कराव्यात. धारदार कडेवर ताणलेले कातडे प्रथम तेथेच फाटते.

मोजमाप : बैठक 42 सेंटिमीटर रुंद व 40 सेंटिमीटर खोल आहे आणि भरणाची जाडी 4 सेंटिमीटर आहे, असे समजावे. प्रत्येक बाजूस जाडीचे 4 आणि खाली वळवून खिळण्यासाठी 5 सेंटिमीटर अधिक धरावे लागतात. म्हणजे तुकडा 60 × 58 सेंटिमीटरचा हवा. त्याचे क्षेत्रफळ 3480 चौरस सेंटिमीटर होते. बाजारात कातडे चौरस फुटांवर विकले जाते व एक चौरस फूट म्हणजे सुमारे 929 चौरस सेंटिमीटर. तेव्हा कातडे सुमारे पावणेचार चौरस फूट लागेल. मात्र येथेच शिक्षकाने एक प्रश्न विचारावा : पावणेचार चौरस फुटांचे कोणतेही कातडे आणले तर चालेल काय? कातड्याला मान, पाय व पोट यांचे वेडेवाकडे आकार असतात. क्षेत्रफळ पुरले तरी चौकोन बसेलच असे नाही. म्हणून 60 × 58 चा वर्तमानपत्राचा नमुना कापून तोच बाजारात न्यावा व कातड्यावर ठेवून पाहावा.

कातड्याची ओळख : कापण्यापूर्वी मुलांना एक साधा प्रयोग करावयास सांगावे. मांजरपाटाच्या चिंधीत व कातड्याच्या कपच्यात आरी टोचून काढावी. चिंधीवर बोट फिरवताच सूत जवळ येते व भोक नाहीसे होते. कातड्यावरील भोक तसेच राहते. या कामाचा सर्व क्रम या एका गोष्टीवर अवलंबून आहे. कापडाच्या आवरणात चुकीच्या जागी मारलेला खिळा काढून दुसरीकडे मारता येतो. कातड्यात ती सवलत नाही. दुसरी गोष्ट ताणाची. कण्याच्या बाजूचे कातडे घट्ट असते, पोटाकडील अधिक ताणले जाते. कण्याची दिशा बैठकीच्या पुढून मागे येईल असा नमुना ठेवावा. व्रण व पातळ जागा टाळाव्यात. खुणा मागील बाजूस खडूने कराव्यात आणि रापी शिक्षकाने किंवा कारागिरानेच चालवावी.

कृती : नवशिक्याने आधी संपूर्ण बैठक मांजरपाटाने मढवावी. त्यामुळे हाताला सराव होतो आणि हेच अस्तर पुढे कातड्याखाली राहून भरण घट्ट धरते. मढवण्यापूर्वी फळीला दोन-तीन भोके पाडावीत. कातड्यातून हवा सहज बाहेर पडत नाही. वाट न मिळाल्यास बसताच बैठक फुगते व शिवणीत किंवा घडीत ताण येतो. मग फोम, त्यावर कापसाचा थर व त्यावर मांजरपाट असा क्रम ठेवावा.

त्यानंतर कातडे पालथे पसरून त्यावर बैठक उपडी ठेवावी. पहिला खिळा मागील बाजूच्या मध्यावर, दुसरा पुढील बाजूच्या मध्यावर, नंतर दोन्ही बगलांच्या मध्यांवर मारावा. हे खिळे कडेच्या अगदी जवळ नव्हे, तर वळवलेल्या पट्टीच्या टोकाकडे, अर्धेच ठोकावेत. चार बाजूंना एकेक खिळा झाला की बैठक उलटून पाहावी. सुरकुती दिसल्यास खिळा काढून ताण सुधारावा. भोक पट्टीच्या टोकाकडे असल्याने ते पुढे कापले जाते. ताण सारखा झाल्यावरच मध्याकडून कोपऱ्यांकडे सुमारे 2 सेंटिमीटर अंतराने पक्के खिळे मारावेत. कोपऱ्यापासून 5 सेंटिमीटर अलीकडे थांबावे. फळी 12 मिलिमीटर जाडीची असल्यास खिळा 10 मिलिमीटरहून लांब नसावा.

कोपरा सर्वांत शेवटी घ्यावा. टोक तिरके ओढून खाली खिळावे, मग दोन्ही बाजूंची घडी आत वळवावी. घडीच्या आत राहणारे कातडे रापीने तासून पातळ केले नाही तर कोपरा जाड होतो व बैठक सांगाड्यात बसत नाही. न बसणारी बैठक हातोडीने ठोकून बसवू नये. त्याने खुर्चीचे सांधे निखळतात. जास्तीचे कातडे कापून खालून सुती कापड लावावे व स्क्रू घट्ट करावेत.

निगा : कोरड्या फडक्याने पुसावे, उन्हात ठेवू नये. पावसाळ्यात बुरशी दिसल्यास पुसून वाऱ्याला ठेवावे.

शिक्षकासाठी विशेष सूचना : या पाठाचा अवघड भाग कोपऱ्याचा नव्हे. कातड्याला हात लावण्यास काही घरांतून हरकत येण्याचा संभव असतो. त्या वेळी शिक्षकाने वाद न घालता मुलांना वस्तू मोजावयास सांगाव्यात : क्रिकेटचा चेंडू, लेझमीच्या वेळची हलगी, कीर्तनातील पखवाज, पायांतील वहाणा. कातड्याचा स्पर्श कोणीच टाळलेला नाही. दूर ठेवले गेले ते कातडे कमावणारे हात. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. त्या अनुच्छेदाचा अर्थ नागरिकशास्त्राच्या तासापेक्षा या तासाला अधिक स्पष्ट होतो.

याहून मोठी चूक मात्र शिक्षकाच्याच हातून घडू शकते. ज्या मुलाच्या घरी चर्मव्यवसाय आहे त्यालाच "हे तुला येत असेल" म्हणून पुढे करणे, किंवा सर्व काम त्याच्यावर टाकणे, हे कटाक्षाने टाळावे. कामाची पाळी हजेरीच्या क्रमाने लावावी. गावातील चर्मकार कारागिरास पाहुणे शिक्षक म्हणून बोलवावे. मुलांनी त्यांना इतर पाहुण्यांप्रमाणेच अहो-जाहो करावे, आणि त्यांच्या श्रमाचा मोबदला ठरवूनच द्यावा. बाभळीच्या सालीने व हिरड्याने कातडे कसे कमावतात, हे ठाऊक असल्यास त्यांच्याच तोंडून ऐकवावे. याच पद्धतीच्या कातड्याच्या कोल्हापुरी चपलांना 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हेही मुलांना सांगावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांसमवेत घालवावेत असे सुचविले आहे. हा पाठ त्या दिवसांत सुखाने बसतो.

पडताळा : बैठकीवर हात फिरवावा; सुरकुती, टोचणारा खिळा वा सैलपणा नसावा. बसून उठल्यावर बैठक लगेच पूर्ववत व्हावी. प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत मोजमाप, खर्च व स्वतः केलेले काम लिहावे. दुरुस्त झालेल्या खुर्चीवर प्रथम कोणाला बसवावे, हे मुलांनाच ठरवू द्यावे. पाठ नीट झाला असेल तर त्या पाहुण्या कारागिरांचे नाव मुले आपणहून सुचवतील.