कूलरचा पंचनामा

कौंडण्यपूर, ता. तिवसा
२० मे

चि. बाळ्यास,

परवाचा तुझा फोन सगळा तक्रारीचाच होता. अमरावतीच्या गाडगेनगरातली ती वरच्या मजल्यावरची खोली, तुम्ही चौघं, परीक्षा तोंडावर आलेली, आणि रात्री बारा वाजता वाद कशाचा, तर कूलरसमोरची खिडकी उघडी ठेवायची की लावायची. अकोल्याचा म्हणतो, लावा, थंडावा बाहेर चालला. चिखलदऱ्याचा म्हणतो, कूलरच बंद करा अन् सगळं उघडं टाका. दर्यापूरवाल्याला कूलर थांबला की जाग येते. आणि तुझी बाज नेमकी झोताच्या तोंडाशी, म्हणून सकाळी तुझी मान धरलेली. शेवटी तू म्हणालास, "मामा, मी खोलीच बदलतो." खोली बदलशील, माणसंही बदलतील, वऱ्हाडातला मे कसा बदलशील? फोनवर तू नुसता 'हो हो' करतोस, म्हणून हे लिहून पाठवतो आहे. चौघांनी मिळून वाचा.

तुम्ही समजता तुमचं भांडण एक आहे. मला त्यात तीन दिसतात. एक जिवाचं, एक शास्त्राचं आणि एक सवयीचं. जिवाशी गाठ असते तिथे मतं घ्यायची नसतात. शास्त्राचं असेल ते करून पाहायचं. तिथे आवाज चढवून काही ठरत नाही. सवयीचं जे उरेल, त्यातच देवाणघेवाण. तुम्ही तिन्ही एकाच ढिगात टाकून रोज रात्री हात वर करता, म्हणून वाद मिटत नाही.

आधी शास्त्राचं घेतो, कारण तुमचं निम्मं भांडण तिथेच संपेल.

कूलर थंडावा तयार करत नाही. तो पाणी उडवतो, आणि उडणारं पाणी हवेतली उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाणी उडताना जवळपास चोवीसशे किलोज्यूल उष्णता नेतं, म्हणजे विजेच्या हिशेबात युनिटाचा दोन-तृतीयांश. पंखा आणि पंप मिळून वीज खातात त्याच्या कितीतरी पट काम ते पाणी करतं. पण त्याची एक अट आहे, हवा कोरडी हवी. आपल्याकडे मेच्या दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली, तर चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा तोंडाशी देऊ शकतो. जुलैत ३४ अंश आणि ७० टक्के झाली की तोच कूलर फार तर ३० पर्यंत आणतो, वर खोली चिकचिक करून ठेवतो. तेव्हा पंप बंद करायचा आणि नुसता पंखा चालवायचा. त्यात कूलरचा काही दोष नाही.

आता खिडकी. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढून आत ओली हवा ढकलतो. ती ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीतच साचते, अंगावरचा घाम वाळत नाही, आणि गदगदायला लागतं. म्हणून कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं हवंच. अकोलेकराला पटणार नाही, म्हणून त्याच्याच हाती उदबत्ती द्या. कूलर चालू करून तो त्या फटीशी उभा राहू दे. धूर सरळ बाहेर ओढला गेला तर सगळं ठीक आहे. धूर तिथेच घुटमळला किंवा आत वळला, तर वाट अपुरी आहे, फट वाढवा. आणि कूलर खोलीच्या आत मांडला असेल तर तो तुमचीच ओली हवा फिरवत बसेल; स्टँडवर चढवून खिडकीबाहेर बसवा.

कूलर थंड करत नाही अशी दर्यापूरवाल्याची तक्रार असते ना? त्याच्या गावच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी त्याला चांगलं ठाऊक आहे. पूर्णेच्या खोऱ्यात बोअरच्या पाण्याने कूलरच्या जाळीतलं गवत एका महिन्यात पांढरं पडतं आणि मिठाच्या खपल्यांनी पापडासारखं कडक होतं. अमरावतीचं पाणी तेवढं खारं नसलं तरी क्षार बसतातच. बाजूची जाळी काढून गवत उजेडाकडे धरा. आरपार दिसत नसेल तर हवाच शिरत नाही, मग कूलर काय करणार? गवत बदला, टाकीचा तळ धुवा. रात्रीचं भांडण दिवसा दोन तासांच्या कामाने मिटतं, हे एकदा करून पाहा.

चिखलदऱ्याच्या मुलाचंही खोटं नाही, फक्त त्याची वेळ चुकते. तो अकराशे मीटर उंचीवरून आला आहे. त्याच्याकडे खिडकी केव्हाही उघडली तरी चालते. आपल्याकडे बाहेर आतल्यापेक्षा थंड झालं की उघडायचं आणि बाहेर जास्त तापलं की लावायचं. खिळ्यावर एक साधा थर्मामीटर आत टांगा, एक बाहेर सावलीत. साधारण रात्री आठ-नऊच्या पुढे बाहेरचा पारा आतल्याखाली उतरतो आणि सकाळी आठपर्यंत तसाच राहतो. त्या वेळात सगळं उघडं टाका. दिवसा कूलर बंद असेल तेव्हा दार लावून पडदा ओढायचा. आपलं जुनं धाब्याचं घर असंच वागवलं जातं. जाड मातीच्या भिंती रात्री निवतात, आणि तुझी आजी सकाळी नवाला दारं लावून घेते. सुनांनी "हवा येऊ द्या ना आई" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं: "हवा नाही बापा, झळ येते."

तुमच्या डोक्यावर मात्र काँक्रीटचा स्लॅब आहे. तो दिवसभर तापतो आणि अर्ध्या रात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. हवा थंड असूनही अंग भाजल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. घरमालकाला विचारून गच्चीवर चुना मारा. तेलंगणाने २०२३ मध्ये पांढऱ्या छपरांचं धोरणच जाहीर केलं. तुम्हाला धोरण नको, चुन्याची एक गोणी आणि एक ब्रश पुरे.

आता जिवाचं. यात मी मामा म्हणून हुकूम देतो, चर्चा नको.

कूलरमध्ये पाणी टाकण्याआधी प्लग काढायचा. बटण बंद केलं एवढ्याने भागत नाही. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला सॉकेट, एवढ्यावर दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या. त्याचे पैसे चौघांत वाटा. आठवड्यातून एक दिवस टाकी पूर्ण रिकामी करून घासून वाळवा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. आरोग्य खातं 'कोरडा दिवस पाळा' म्हणतं ते याचसाठी.

भर दुपारी वीज गेली आणि खोली चाळीसच्या वर गेली, तर इन्व्हर्टरवरच्या पंख्याच्या भरवशावर पडून राहू नका. तेवढ्या उष्णतेत नुसता पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. जागतिक आरोग्य संघटनाही चाळीसच्या वर पंख्यावर विसंबू नका म्हणते. अंगावर ओला दुपट्टा घ्या, पाणी प्या, वाचनालयात किंवा खालच्या मजल्यावर जा. कोणी बरळायला लागला, अंग तापलं, उलटी झाली, तर पन्हं पाजत बसू नका. अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि सरळ दवाखान्यात न्या.

एसी भाड्याने घ्यायचं तुमचं चाललं होतं. घ्या, पण एक लक्षात ठेवा. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. चार माणसं रात्रभर दार लावून झोपली की त्यांच्याच श्वासाने हवा जड होते आणि सकाळी डोकं धरतं. म्युनिकच्या मॅक्स पेटेनकोफरने १८५८ मध्येच सांगून ठेवलं होतं की खोलीतला कार्बन डायऑक्साइड हवेच्या हजारात एका भागावर गेला की ती हवा शिळी समजावी. झोपायच्या आधी आणि पहाटे दहा-दहा मिनिटं सगळं उघडायचं, एसी असो वा नसो.

हिवाळ्यात हेच भांडण उलटं होईल. जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की आज खिडकी उघडी मागणारा तीच लावायला उठेल. तेव्हाचे दोन नियम आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नाही, आणि गॅस गिझर लावलेल्या मोरीची झडप कधीच बुजवायची नाही. दोन्हीतून कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

राहिलं सवयीचं. इथे मात्र कोणाचंच चुकत नाही.

डेन्मार्कमध्ये ओले फांगर नावाचे अभियंते होऊन गेले. जवळपास तेराशे तरुण विद्यार्थ्यांना नियंत्रित हवामानाच्या खोलीत बसवून काय वाटतं ते विचारलं गेलं होतं; त्या निकालांच्या आधारे त्यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांच्या सूत्रात सहा गोष्टी येतात. हवेचं तापमान, भिंती-छताची उष्णता, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि अंगमेहनत. पण माझ्या मते त्यांचा मोठा निष्कर्ष वेगळाच आहे. सगळं अगदी नेमकं जुळवलं तरी शंभरातले पाच जण नाराज राहतातच. चौघांना एकदम बरं वाटेल असा एकच आकडा सापडेल, ही आशा सोडून द्या.

त्या सहांपैकी तापमान आणि आर्द्रता चौघांना सामायिक आहेत. वारा आणि कपडे मात्र ज्याचे त्याचे आहेत. म्हणून आधी माणसाचं बघा, खोलीचं नंतर. ज्याला झोत लागतो त्याची बाज कूलरच्या रेषेतून काढून भिंतीकडे न्या, म्हणजे तुझी मानही सुटेल. दर्यापूरवाल्याला झोतासमोर टाका. चिखलदऱ्याचा उघड्या खिडकीखाली, अकोल्याचा मधे. ज्याला पहाटे गार वाटतं त्याने पायाशी गोधडी ठेवावी. गार वाटणाऱ्याला पांघरूण घेता येतं. तापलेल्याला कातडी काढून ठेवता येत नाही. म्हणून मेच्या रात्री झुकतं माप तापलेल्याला. कोणाला ताप-खोकला असला की त्या रात्री झुकतं माप आजाऱ्याला. एवढे दोन नियम पुरतात.

आपल्या गावची रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला निघते. १५९४ पासूनची परंपरा सांगतात. मुक्कामाला शाळेची एखादी खोली मिळाली की त्यात तरणेही असतात आणि म्हाताऱ्याही. कोणाला वारं सोसत नाही, कोणाचा जीव उबाऱ्याने घाबरतो, हे पहिल्या दोन मुक्कामांत एकमेकांना कळतं आणि पथाऱ्या त्याप्रमाणे पडतात. तुम्ही एका खोलीत वर्ष काढलंत, आणि कोणाला काय सोसत नाही हे तुला भांडणातून कळलं. हे आधी विचारायला हवं होतं. आज विचार.

पैशाचंही आत्ताच ठरवा, नाहीतर खिडकीचं भांडण बिलावर येईल. जर्मनीत एका इमारतीत बरीच बिऱ्हाडं एकाच बॉयलरवर घर तापवतात. तिथल्या १९८१ च्या नियमानुसार खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग ज्याच्या-त्याच्या वापरावर आणि उरलेला घराच्या आकारावर वाटला जातो. विचार साधा आहे, सामायिक ते सामायिक आणि जास्तीचं ज्याचं त्याला. तुम्ही कूलर, गवत, अर्थिंग यांचे चार सारखे भाग करा. बिलातही निम्मं सारखं, निम्मं हजेरीप्रमाणे. जो पंधरा दिवस गावी गेला त्याचं तेवढं कमी. मीटरचा आकडा दर रविवारी वहीत लिहा. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपुढे आणि पुन्हा तीनशेपुढे दर चढतो, म्हणून दिवसा रिकाम्या खोलीत कूलर चालू ठेवणाऱ्याला तो आकडा दाखवा, शिव्या देऊ नका.

तुम्ही चौघं तहसीलदार व्हायला निघाला आहात. उद्या तुमच्यासमोर पांदण रस्त्याचा वाद येईल, दोन्ही भाऊ आपापलं खरं करून सांगतील. तेव्हा चांगला अधिकारी आधी जागेवर जातो, मोजमाप करतो, पंचनामा लिहितो आणि मग बोलतो. खिडकीबद्दल बोलण्याआधी उदबत्ती धरणं हा तसाच पंचनामा आहे. ती सवय आता लावलीस तर खोलीही टिकेल आणि पुढची नोकरीही.

पाच दिवसांत नवतपा लागतो. त्याआधी गवत बदलून घे, आणि येत्या रविवारी मीटरचा आकडा सांगायला फोन कर. मानेला तीळतेल लाव. चौघांनाही आशीर्वाद.

तुझा,
मामा