बहुरंगी कार्डांच्या रकान्यांबद्दल

चि. ओंकार,

मॅजिक या पत्त्यांच्या खेळात ड्राफ्टसाठी तू जमवलेल्या कार्डांची, म्हणजे तुझ्या क्यूबची, एक्सेल शीट पाहिली. आठ जण, प्रत्येकी पंधरा कार्डांचे तीन पॅक, म्हणून ३६० कार्डं; इथवर चोख आहे. बहुरंगी कार्डांचे रकाने मात्र तू नुसता कोपऱ्यातला माना बघून भरलेस. कार्ड कोणाच्या डेकमध्ये खेळलं जाईल, ते आधी विचारायचं.

आठ जणांनी दोन-दोन रंग घेतले, तर एकेका रंगाला तीनएक गिऱ्हाइकं मिळतात. रंगांच्या जोड्या मात्र दहा. म्हणजे लाइटनिंग हेलिक्स हवं असणारा लाल-पांढरावाला टेबलावर एखादाच, कधी तोही नाही. अशी बहुरंगी, म्हणजे गोल्ड, कार्डं फार झाली की पॅकच्या शेवटी तीच नकोशी होऊन फिरत राहतात. तू जोडीमागे सहा धरलीस. मी तीनांवर थांबलो असतो.

किचन फिंक्स तू हिरव्या-पांढऱ्यात टाकलंस. अरे, त्याचा माना हायब्रिड! हिरवावाला पांढऱ्याशिवाय खेळतो, पांढरावाला हिरव्याशिवाय. त्यासाठी गोल्डची जागा कशाला अडवायची? दोघांपैकी ज्या रंगात तीन मानाचे क्रीचर कमी असतील तिथे बसव. पण म्हणून सगळी हायब्रिड कार्डं गोल्डमधून उचलू नकोस. बोरोस रेकनरची तिन्ही चिन्हं लाल-पांढरी आहेत. निळा-लाल खेळणाऱ्याला तिसऱ्या टर्नला तीन लाल माना कुठून मिळणार? ते आहे तिथेच राहू दे.

लिंगरिंग सोल्सचं उलटं. दिसायला पांढरं, पण फ्लॅशबॅकला काळा माना लागतो. काळा नसेल तर तीन मानात दोन छोटे उडते स्पिरिट, बस! ते पांढऱ्या-काळ्यात मोज. कर्ड एप तर १९९३ पासून लोकांना चकवतंय: छापलंय लाल, पण फॉरेस्ट नसेल तर निव्वळ १/१. डिसमेंबर काळं असलं तरी एक माना आणि चार लाइफ मोजायची तयारी असलेला कुणीही ते खेळतो. त्याला रंगहीन कार्डांत धाड.

यावर वाद घालणारे भेटतील, घालू देत. तू प्रत्येक ड्राफ्टनंतर कुठलं कार्ड कोणत्या डेकमध्ये गेलं, ते शीटमध्ये टिपून ठेव. जे गोल्ड कार्ड सारखं साइडबोर्डात पडून राहतं, ते काढ. निकोल बोलास तेवढा ठेवलास तरी चालेल. आठ माना, तीन रंग. पण तुझ्या मित्रांत एक तरी हट्टी असेलच.

तुझा,
मामा