आधी मला विचार

न्हावा

चि. बंडूस,

काल जासईची मावशी आली ती धापा टाकतच. "तुझा भाचा दारोदार जमिनीची चौकशी करतो म्हणे. पुन्हा मोजणी आली की काय?" तू धुण्याच्या पावडरचा सर्व्हे करतोस हे मला ठाऊक आहे. गावाला कोण सांगणार?

तुझा फॉर्म तिच्याकडे होता, तो वाचला. शेतजमिनीचा प्रश्न कुठून आला ते कळलं. २०११ मध्ये आलेल्या वर्गवारीच्या पद्धतीतला तो आहे. त्या पद्धतीत मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि घरातल्या अकरा गोष्टी यांवरून घराची वर्गवारी ठरते. पंखा, फ्रिज, दुचाकी, आणि त्यातच शेतजमीन. दादरला ह्या प्रश्नाचं कुणाला काही वाटत नाही. इथे सरकारने घेतलेल्या जमिनीपायी १९८४ च्या जानेवारीत दास्तानफाट्याला नि नवघरला गोळ्या चालल्या, पाच जण हुतात्मे झाले. आणि तू घराचा उंबरा ओलांडताच विचारतोस, शेती किती?

बाकीचे प्रश्न तरी धड आहेत का? "आमच्या पावडरचा सुवास किती आवडतो?" आवडतो हे तूच ठरवून मोकळा! "स्वस्त आणि चांगली वाटते का?" यात दोन प्रश्न आहेत, उत्तर कुठल्याचं धरणार? बाजाराला निघालेली कोळीण 'हो हो' म्हणेल आणि पाटी उचलून चालू लागेल. "महिन्याला किती लागते?" हेही नको. मासळीच्या पैशावर चालणारं घर महिन्याचा हिशोब ठेवत नाही. शेवटची पुडी कधी आणली, कितीची, ते विचार. किती दिवसांचं विचारतोस, त्यानेही उत्तर बदलतं. १९९९-२००० मध्ये सरकारच्या नमुना पाहणीत खाण्याचा खर्च एकाच घराला सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा, असा दोन्ही तऱ्हांनी विचारला होता. लोकांनी एक आकडा दुसऱ्याशी जुळवून सांगितला अशी शंका आली, आणि गरिबी खरंच किती घटली यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडले.

पण माझा जीव त्या जमिनीच्या प्रश्नातच अडकलाय. तेव्हा तुझे आजोबा शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांच्या हाकेला धावून गेले होते. मी तेव्हा पुण्यात, साबणाचे फॉर्म भरत होते. त्या दिवशी काय पाहिलंत, हे मी बाबांना कधी विचारलं नाही. परक्यांच्या घरात जन्मभर विचारत राहिले. आता बाबा नाहीत.

जास्तच बोलले का रे? उन्हातान्हात फिरतोस, नोकरी टिकवतोस, सगळं दिसतं मला. तो प्रश्न गाळायची मुभा तुला नसेल. मग तो शेवटी ठेवू देतात का, ते साहेबांना विचार. आधी ओळखपत्र दाखव, कशासाठी आलास ते सांग, आणि बाई नको म्हणाली तर जागा कोरी सोड. स्वतःच्या मनाने आकडा घालू नकोस.

रविवारी एक कोरा फॉर्म घेऊन घरी ये. आधी मला विचार, मी कुठे अडते ते बघ. सोड्यांचं कालवण करते. टोपी घालून ये, आणि नक्की ये.

तुझी आत्या